किंमत न लिहिलेली मुंबई

मुंबई शहर ज्याच्या मालकीचं होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर नाचणी आणि भात पिकवत असे. मुंबईत बंगले बांधून राहणारे शेठ, गिरण्यांचे धनी, गोरे साहेब हे सगळे आपापल्या समजुतीत मुंबईचे मालक होते. पण त्यांच्यापैकी कोणाला तिच्यावर इतकं निर्धास्त प्रेम करता आलं असेल असं मला वाटत नाही. हा माणूस म्हणजे माझे सासरे. वर्षातले बहुतेक दिवस ते गुडघाभर चिखलात नाहीतर खळ्यात असत. भाताची झोडणी आटोपली, नाचणी कणगीत पडली, की खांद्यावर घोंगडी टाकून, फडक्यात भाकऱ्या आणि खुरासणीची चटणी बांधून ते खोडाळ्याच्या वाटेनं कसाऱ्याला चालत निघत, तिथून आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात बसत आणि आपल्या मुंबईची पाहणी करून काही दिवसांनी परत येत. गाडीभाडं सोडलं तर या सफरीला त्यांना खर्च असा येतच नसे. उतरायला धर्मशाळा होती, खायला भाकरी होती, आणि बघायला, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "समदं होतं."

हे वेड त्यांना ऐन पंचविशीत लागलं. जव्हार संस्थानच्या जंगलातला साग मुंबईच्या बंदरावर पोचवायला जी माणसं गेली होती त्यांत ते होते. बंदरात तेव्हा एक आगबोट उभी होती. तोवर त्यांनी पाहिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे महाराजांचा वाडा; आणि हा वाडा तर पाण्यावर उभा होता आणि धूर सोडत होता. "तोंडात घास होता जावईबापू," ते मला सांगत, "तो चावायचाच ऱ्हायला. बोट गेली तवा मंग आठवण झाली." बरोबरची माणसं लाकडं उतरवून, पैसे घेऊन घरी आली. हे तिथंच राहिले, आणि भाकऱ्या संपल्यावर आले. तेव्हापासून दर हिवाळ्याला तो समुद्र त्यांना बोलवत असे आणि ते जात असत.

आमच्या लग्नाच्या बोलणीला मी माझ्या थोरल्या काकांबरोबर त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला याची काही कल्पना नव्हती. मी जव्हारला संस्थानच्या शाळेत मास्तर. काका देण्याघेण्याच्या बोलण्यात मुरलेले. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "मुलीला स्वयंपाकपाणी येतं ना?" सासऱ्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि उलट विचारलं, "तुमी बोट बघितलीय का?" काकांनी बोट बघितली नव्हती. मग सासऱ्यांनी ती दाखवली. ओट्यावरून उठून त्यांनी अंगण पावलांनी मापलं, कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या वाडीत शिरले, तिथून ओरडून म्हणाले, "हितवर तिचं नाक!" आणि आणखी पुढं जाऊन पळसाआड दिसेनासे झाले. काका उन्हात हात कपाळावर धरून बघत राहिले. बोलणी त्याच दिवशी पक्की झाली. ती कशी झाली हे काकांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला काहीतरी द्यायची रीत. कोणी अंगठी देतं, कोणी धोतरजोडी. माझे सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमाला मुंबई देतो. झोडणी होऊंद्या." आणि खरोखरच मार्गशीर्षात त्यांनी मला मुंबईला नेलं.

मी शिकलेला. मुंबईबद्दल पुस्तकांत वाचलेला. पण बोरीबंदरच्या स्टेशनात उतरलो तेव्हा त्या उंच कमानीखाली मी हातातलं बोचकं घट्ट धरून जागीच उभा राहिलो. सासरे मात्र वर बघत मान डोलवत होते, जणू आपल्या शेतातलं पीक बरं आलंय अशा समाधानानं. बाहेर पडता पडता त्यांनी मला आपलं शास्त्र सांगितलं. "एक ध्येनात ठेवा. ज्याच्यावर किंमत लिवलीय ते दुसऱ्याचं. ज्याच्यावर लिवली नाय ते समदं आपलं." आणि जरा पुढं गेल्यावर एका टोलेजंग हॉटेलाच्या दारातल्या फेटेवाल्या दरवानाकडे बोट दाखवून म्हणाले, "दारात सलाम करणारा असंल तर आत जायचं नाय. सलामाचे पैसे आत घेतात."

या दोन नियमांवर आम्ही जी मुंबई पाहिली ती राजाला दिसली नसेल. सकाळी पालवा बंदरावर जाऊन बोटी बघायच्या. आगबोट दिसली की सासरे डोक्यावरचं मुंडासं उतरवून हातात घेत. देवळात घेतात तसं. मी विचारलं तर म्हणाले, "येवढं मोठं काय समोर आलं की डोकं उघडंच बरं." ऊन चढलं की मोठ्या कोर्टात. मागच्या बाकावर बसून ते तासन्‌तास बॅरिस्टरांची इंग्रजी भाषणं ऐकत. त्यातला एक शब्द त्यांना कळत नसे, पण नाटकाला बसल्यासारखे ते रंगून जात आणि दोघांपैकी एकाची बाजू घेत. ज्याचा झगा जास्त फडफडे तो त्यांचा. त्यांचा माणूस बहुधा हरे. हरला की त्यांना जेवण गोड लागत नसे. एकदा तर ते बाहेर पडणाऱ्या एका हरलेल्या बॅरिस्टराला जिन्यात गाठून म्हणाले, "तुमीच बराबर व्हता, सायेब." तो साहेब क्षणभर थांबला, आणि मला आठवतं, अगदी मनापासून हसला.

दुपारी मोठ्या मंडईत. तिथं फळांच्या ढिगांपुढून ते इतक्या हळू चालत की मागच्या लोकांचा खोळंबा होई. काश्मिरातून आलेल्या सफरचंदांपुढं उभं राहून ते डोळे मिटून छाती भरून श्वास घेत आणि मलाही घ्यायला लावत. "वास घेतला की निम्मं खाल्लं. निम्मं त्याला इकूंदे." तिथून अत्तरवाल्याच्या पेढीवर. हा अत्तरवाला पांढऱ्या दाढीचा, मोठा अदबशीर माणूस. सासरे पुढं मनगट करत. तो काचेच्या काडीनं अत्तराचा थेंब लावी. सासरे हुंगून गंभीरपणे विचार करत आणि दुसरं मनगट पुढं करत. मग हाताची पाठ. मग कोपराच्या आत. शेवटी "बगतो" म्हणून निघत, आणि त्या दिवशी भाकरी डाव्या हातानं खाता येईल का याचा गंभीर विचार करत, कारण उजवा हात धुवायची त्यांची इच्छा नसे.

पण त्यांच्या धाडसाची कमाल म्हणजे लिफ्ट. फोर्टातल्या एका उंच इमारतीत माणसांना वर नेणारी पिंजऱ्याची खोली होती. सासरे सरळ तिच्यात जाऊन उभे राहिले. मी घाबरत मागोमाग. लिफ्टवाल्यानं विचारलं, "काय काम आहे?" सासरे म्हणाले, "वर जायचं काम हाय." उत्तर इतकं खरं होतं की त्याला पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्यानं दार ओढलं, आणि आमच्या पायाखालची जमीन आम्हाला घेऊन वर निघाली. वरच्या मजल्याच्या खिडकीतून सगळं शहर दिसत होतं: कौलं, घुमट, झाडं, गिरण्यांची धुराडी, आणि सगळ्याच्या कडेला चकाकणारं पाणी. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हलकेच म्हणाले, "जावईबापू, हे समदं मान्सांनी केलंय. आपल्यासारक्या हातांनी." मी अनेक व्याख्यानं ऐकली आहेत. माणसाच्या कर्तृत्वापुढं अंगावर काटा आला तो त्या खिडकीतच.

परत आल्यावर त्यांच्या ओट्यावर पाडा जमे. मुंबईचं वर्णन आठवडाभर चाले. ट्राम, विजेचे पंखे, राणीच्या बागेतला वाघ, मैदानावर वाजणारा बँड. लोक ऐकत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. "पाटलाच्या इहिरीत पडला तरी हा म्हनंल समुद्र बघितला," असं एक म्हातारा नेहमी म्हणे. थापाड्या म्हणून त्यांची मोखाड्यापर्यंत ख्याती होती आणि ते माहीत असूनही ते कधी चिडले नाहीत. फक्त आतून, चुलीपासून, माझ्या सासूबाई ऐकत असत. सासऱ्यांना मी मामा म्हणे आणि त्यांना मामी. मामींनी कधी थट्टा केली नाही आणि कधी काही विचारलंही नाही. दर वर्षी सासरे म्हणत, "पुढल्या साली तुला नेतो," आणि दर वर्षी त्या म्हणत, "आन म्हशी कोन बघंल?"

मग मामींच्या डोळ्यांत ढग आले. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग एका सकाळी त्या अंगणातल्या उखळाला अडखळून पडल्या. जव्हारच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गरिबांचे डोळे फुकट करतात, तिकडे न्या. सासरे माझ्या शाळेच्या दाराशी आले. वर्ग चालू होता. ते बाहेरच उभे राहिले आणि सुट्टी झाल्यावर म्हणाले, "यंदा तिला न्यायची हाय. तुमी चला. तिथं इंग्रजीत बोलावं लागंल." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला तेवढंच आठवतं.

बैलगाडीनं कसारा, तिथून आगगाडी. इस्पितळात नंबर लागायला थोडे दिवस थांबावं लागणार होतं. मला वाटलं, आता धर्मशाळेत बसून राहायचं. सासऱ्यांना तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मामींचं मनगट धरलं आणि ते निघाले.

गावात नवरा पुढं चालतो आणि बायको चार पावलं मागं. त्या दोघांना एकमेकांशेजारी चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मामी शरमेनं अर्ध्या झाल्या होत्या. "सोडा हात. लोक बघतील."

"हितं कुनाला येळ हाय?" सासरे म्हणाले.

मामींना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. म्हणून सासऱ्यांनी त्यांना मुंबई हातानं, नाकानं आणि कानानं दाखवली. संगमरवरी खांबावर त्यांचा तळवा टेकवला, मामी म्हणाल्या, "गार हाय. माठावानी." बँड वाजत होता तिथं कुंपणाबाहेर गवतावर त्यांना बसवलं. मोठ्या ढोलाचा ठोका पडला तशी मामींनी छातीवर हात ठेवला, आणि मग तो तसाच ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मंडईत सफरचंदांपुढं उभं केलं. अत्तरवाल्याकडे नेलं. त्यानं मामींच्या डोळ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "हर साल आते हो, कभी कुछ लिया नहीं. पर भाभी पहली बार आई हैं." त्यानं अत्तराचा फाया करून मामींच्या हातावर ठेवला. सासरे फार ओशाळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्यो मला वळखत व्हता तर!"

संध्याकाळी चौपाटीवर नेलं. ओहोटीच्या ओल्या वाळूत मामी उभ्या राहिल्या. लाट आली, पावलांवरून गेली आणि पायाखालची वाळू ओढून नेऊ लागली. मामींनी सासऱ्यांचा दंड घट्ट धरला. "अवो, जमीन चालली!"

"जाऊंदे. परत येती."

मामींनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. "येवढं मीठ," त्या म्हणाल्या, "आन आमी चिमूट चिमूट वापरतो." मी हसलो. सासरे हसले नाहीत. ते अंधूक होत चाललेल्या पाण्याकडे बघत होते आणि त्यांना जे दिसत होतं ते कसं सांगावं हे त्यांना समजत नव्हतं. "कसा हाय?" मामींनी विचारलं. इतकी वर्षं समुद्रावर बोलणारा तो माणूस "मोटा हाय," एवढंच म्हणाला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत केलं: एकच डोळा आता करू, येईल दृष्टी, पण खात्री देत नाही. सासऱ्यांनी अंगठा दिला. मामींना आत नेताना त्या दारात थांबल्या. मला वाटलं, काही निरवानिरव करतील. त्या म्हणाल्या, "म्हशींना दुपारचं पानी पाजायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय," सासरे म्हणाले. दार बंद झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डोळ्याला पट्टी बांधून मामींना न हलता पडून राहायचं होतं. त्या सगळ्या दिवसांत सासऱ्यांनी इस्पितळाच्या व्हरांड्यातलं बाकडं सोडलं नाही. बाहेर त्यांची ती मुंबई होती. ट्रामच्या घंटा ऐकू येत. एका दुपारी बंदरातून आगबोटीचा भोंगा लांबलचक वाजला, आणि त्यांनी मानही वर केली नाही. मी म्हटलं, "मामा, चला, जरा पालव्याला जाऊन येऊ." ते म्हणाले, "नको. आज समदी मुंबई परक्याची वाटती." थोड्या वेळानं विचारलं, "जावईबापू, लोक म्हनतात मी वाढवून सांगतो. तिलाबी तसंच वाटत आसंल का?" इतकी वर्षं ज्या थट्टेनं त्यांच्या अंगावर ओरखडा उठला नव्हता ती आता त्यांना झोंबत होती. बाकीच्यांनी थापा म्हटलं तर चालण्यासारखं होतं. चुलीपाशी बसून ऐकणारीनं म्हटलं असतं तर चाललं नसतं.

पट्टी सोडायच्या दिवशी त्यांनी आपलं तांबडं ठेवणीतलं मुंडासं बांधलं. डॉक्टरांनी मामींच्या डोळ्यावर तात्पुरता जाड भिंगाचा चष्मा चढवला आणि पुढं बोटं धरली. "किती?"

"दोन," मामी म्हणाल्या. आणि जरा थांबून, "केस किती हातावर!"

डॉक्टर मोठ्यानं हसले. मामींनी मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. मामींनी डोळा बारीक केला. "ह्ये मुंडासं उंदरानं खाल्लंय," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी मुंडाशाला हात लावून पाहिला. उंदरानं खरंच खाल्लं होतं. ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांना मुंडाशाचंच टोक डोळ्यांना लावावं लागलं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा चौपाटीवर गेलो. मामींना जाड भिंगाचा चष्मा मिळाला होता. तो दोरीनं कानामागं बांधला होता. रस्ताभर घोडागाड्या, दिवे, रंगीबेरंगी साड्यांतल्या बाया, सगळ्याकडे बघत मामी ठेचकाळत चालल्या होत्या. विकायला काढलेला बैल गिऱ्हाइकापुढं उभा करताना माणूस जसा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो तसे सासरे मामींच्या तोंडाकडे बघत होते.

सूर्य पाण्यात अर्धा बुडाला होता. दूरवर एक बोट, तिच्या धुराची रेघ, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडं हलतं पाणी. मामी वाळूत उभ्या राहिल्या. चणेवाला येऊन गेला, पोरं खेळून गेली. मग त्या म्हणाल्या, "येवढी वर्सं तुमी सांगत व्हता."

"व्हय," सासरे म्हणाले.

"लय कमी सांगितलंत."

सासरे खाली वाळूतच बसले. मुंडासं काढून त्यांनी मांडीवर घेतलं. "मला सांगताच येत नव्हतं गं," ते म्हणाले.

त्यानंतर दर हिवाळ्याला ती दोघं मिळून मुंबईला जाऊ लागली. म्हशी आम्ही बघायचो. परत आली की ओट्यावर दोघंही बोलत, एकमेकांचं तोडत, आणि मामी साक्षीला होत्या म्हणून लोक आता कोपरानं ढोसत नसत. असे काही हिवाळे गेले. मग एका भादव्यात मामी तापानं गेल्या.

त्या वर्षी झोडणी झाल्यावर सासरे घोंगडी घेऊन एकटेच निघाले. आम्ही नको म्हटलं नाही. उलट बरं वाटलं, मन रमेल. ते फार लवकर परतले. मी आणि माझी बायको तेव्हा तिथंच होतो. संध्याकाळी पाडा जमला. ओटा भरला, अंगणात पोरं बसली, आणि तोच म्हातारा, जो विहिरीचं म्हणायचा, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "हां, सांगा आता. काय बघितलं यंदा?"

सासऱ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"थंडी बरी हाय तिकडं," ते म्हणाले.

लोक वाट बघत राहिले. अंधार पडला तसे एकेक उठून गेले; जाताना त्या म्हाताऱ्यानं सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती वडिलांच्या शेजारी, ओट्याच्या कडेला, बसली. त्यांनी तिला विचारलं, "तुजी आई समुद्राबद्दल काय म्हनायची गं?" ती सांगू लागली, आणि ते ऐकत राहिले.